घराचं रिनोव्हेशन करताना पैसे कुठे कापायचे आणि कुठे अजिबात नाही

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन हातात आलं की आपली कात्री पहिली चालते ती न दिसणाऱ्या कामावर. वॉटरप्रूफिंग राहू द्या, वायर साधी चालेल, पाइप आहे तोच ठेवा, पण टाइल्स मात्र भारीतल्या हव्यात. मी म्हणेन अगदी उलटं करा. टाइलखाली आणि भिंतीच्या आत जे जातं तिथे रुपयाही कमी करू नका, कापायचंच असेल तर फॉल्स सीलिंग, लाइट, महागडे नळ यात कापा, ते नंतर कधीही बदलता येतात.

१. तोडफोडीच्या आधी इंजिनिअरला दाखवा. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये छताचा भार बऱ्याचदा भिंतींवरही असतो, हॉल मोठा करायचा म्हणून तिथली भिंत काढणं जिवावर बेतू शकतं. बहुतेक फ्लॅटमध्ये भार कॉलम-बीमवर असतो, पण तिथेही पाइप न्यायला बीमला भोक पाडणारे मिस्त्री भेटतात. ठाम नाही म्हणा.

२. बाथरूमला घाई करू नका. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. जुन्या टाइल्स निघाल्या की स्लॅब साफ करून घ्या, नवीन पाइप टाकले की ते बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती बघणं) करायला लावा. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला वाळल्यावरच दुसरा, जमिनीवर तर हवेतच पण भिंतीवरही फूटभर वर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवती आणि कोपऱ्यांत स्वतः उभं राहून बघा, लिकेज बहुतेक तिथूनच सुरू होतं.

कोटिंग नीट वाळलं की ट्रॅप बुजवून दोनेक इंच पाणी भरा आणि किमान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच ठेवा, आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघून या. 'कशाला, गॅरंटी आहे ना' असं ऐकवतील, तरी टेस्ट झाल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. कारण नंतर गळलं तर बिल एका वॉटरप्रूफिंगचं येत नाही, टाइल फोडण्याची मजुरी, मलबा उचलणं, प्लंबर, पुन्हा टाइल्स (आणि त्याच शेडचा लॉट सहसा मिळत नाही, म्हणजे चार टाइल्ससाठी अख्खी बाथरूम), खालच्यांच्या छताचं प्लास्टर-रंग, आणि तेवढे दिवस बाथरूम बंद हे सगळं मिळून येतं, शिवाय शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते वेगळंच.

३. वायर लोड बघून टाका. नाशकातल्या थंडीत गीझर रोज लागतो. गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, प्लगना २.५, लाइट-पंख्यांना १.५, सगळी आयएसआय मार्कची. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी बसवाच, करंट लिक झाला तर तो लाइन तोडतो. एमसीबी (लोड जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतोय म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणारा इलेक्ट्रिशियन असेल तर दुसरा शोधा, वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि आपल्याला कळतही नाही.

४. किचनचं प्लाय. सिंकखाली साधं एमआर प्लाय (फक्त दमटपणा झेलणारं) फुगतं. तिथे आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का असलेलंच घ्या, बेडरूमच्या कपाटाला साधं चालतं, तिथे वाचवा.

५. रंग शेवटी, आणि कोरड्या भिंतीवरच. दिवाळीच्या आधी रंग द्यायची सगळ्यांना घाई, पण पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि भिंतीत ओल असते. त्यावर पुट्टी मारली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोपडे. आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करा, भिंत वाळू द्या, मग रंग. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र उन्हाळ्यातच उरकून घ्या. नवीन प्लास्टरला किमान ७ दिवस पाणी मारायचं (आणि तेही वाळलं की मगच रंग), मिस्त्री निघून गेला तरी पाइप घेऊन आपण मारायचं.

६. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. कोणत्या कंपनीचं, कोणत्या ग्रेडचं सामान ते कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर बदललेलं कळणार नाही. गच्ची-बाथरूमच्या कामाचे काही पैसे पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत मागे ठेवायचे हे सुरुवातीलाच ठरवा. पाइप-वायर बुजवायच्या आधी टेप धरून भिंतीचे फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना उपयोगी पडतात. आणि प्रत्येक टाइलचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाकून द्या.