टाकाऊ सामानातून टेबलावरची रेल्वे : रूळ चिकटवण्यापूर्वीची तयारी

टेबलावर मावेल एवढी छोटी रेल्वे उरल्यासुरल्या सामानातून उभी करायची असेल, तर जमवलेल्या सामानाचे आधी दोन ढीग करावेत. ज्याला चाक टेकते आणि ज्यातून वीज वाहते ते सगळे, म्हणजे रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे भाग), फिशप्लेट (रुळांची टोके जोडणाऱ्या छोट्या पट्ट्या), तारा व वेगनियंत्रक, चांगल्या प्रतीचे आणि तपासून घेतलेलेच हवे. पाया, डोंगर, फलाट, इमारती, झाडे हे मात्र टाकाऊ वस्तूंतून होऊ शकते आणि पुष्कळदा विकतच्यापेक्षा अधिक चांगले दिसते. काटकसर दुसऱ्या ढिगात करावी. पहिल्या ढिगात केलेली काटकसर गाडी थांबली किंवा घसरली की लगेच उघडी पडते.

यानंतर गाडीने काय करायचे ते ठरवावे, कारण फळीचे माप त्यावरच अवलंबून असते. गाडी सतत गोल फिरत राहावी असे वाटत असेल, तर रुळाच्या वळणाची त्रिज्या हा पहिला आकडा. एन आणि एचओ ही छोट्या रेल्वेची दोन प्रचलित मापे. एन गेजमध्ये रुळांमधील अंतर 9 मिमी असते आणि गाड्या बहुधा 1:160 प्रमाणाच्या असतात. नेहमीच्या वळणांची त्रिज्या सुमारे 248 मिमी असल्याने कडेची मोकळी जागा धरून फळी किमान 60 सेंमी रुंद लागते. एचओमध्ये हे अंतर 16.5 मिमी, प्रमाण 1:87 आणि लहान वळणाची त्रिज्या साधारण 360 मिमी असते. तिथे 80 ते 85 सेंमी रुंदीची तयारी ठेवावी. छोट्या चारचाकी किंवा ट्रामसारख्या गाड्यांसाठी 103 व 140 मिमी त्रिज्येचे रूळही मिळतात, परंतु त्यांवरून लांब डबे जात नाहीत. 9 मिमीच्याच रुळावर एचओ प्रमाणाची अरुंद गेजची गाडी चालवणे हा एक सुरेख मधला मार्ग आहे: वळणे लहान राहतात आणि इमारती मोठ्या होतात, त्यामुळे पुठ्ठ्याचे काम बोटांना झेपते.

गोल फिरण्यापेक्षा डबे जोडणे-सोडणे, म्हणजे शंटिंग, आवडत असेल तर अरुंद, लांबट फळी पुरते, आणि कमी जागेत मला तरी हाच प्रकार अधिक काळ खेळवणारा वाटतो. अॅलन राइट यांची ‘इंग्लनूक सायडिंग्ज’ ही रचना यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात फक्त दोन सांधे आणि तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, असतात. एकीत पाच वाघिणी (मालाचे डबे) मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि इंजिनाच्या बाजूच्या रुळावर इंजिनासह तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणींपैकी पाच ठरलेल्या क्रमाने लावून गाडी तयार करायची, आणि असे क्रम 6720 होतात. इथे फळीचे माप पुस्तकातून घेऊ नये; आपल्याच वाघिणी जोडून ठेवाव्यात, त्यांची लांबी मोजावी आणि त्यावर बोटभर सैल जागा सोडावी.

पायासाठी जुन्या कपाटाचे दार, मोठ्या फोटोफ्रेमची पाठ, मोडीत निघालेला खण, प्लायवूडचा तुकडा यांपैकी काहीही चालते. फक्त त्यावर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. वाकलेली फळी नंतर सरळ होत नाही. भुशाची दाबीव फळी ओल लागली की फुगते, म्हणून घेतलीच तर तिच्या कडा रंगाने बंद कराव्यात. नालीदार पुठ्ठ्याचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवूनही हलका आणि पुरेसा ताठ पाया होतो, मात्र कोणताही पाया दोन्ही बाजूंनी रंगवावा, कारण एकच बाजू रंगवली तर तो हळूहळू वाकतो. फळीवर 25 मिमी जाडीचा घट्ट फोमचा थर बसवता आला तर नाला, खड्डा, तारांची वाट सगळे चाकूने कोरता येते. वेष्टनातले साधे थर्मोकोल कापताना मणी सुटतात आणि ते चाकांत अडकतात, म्हणून ते रुळाखाली न वापरता डोंगराच्या पोटात घालावे. फोमवर स्प्रेचा रंग किंवा तीव्र वासाचा गोंद लावण्यापूर्वी एका तुकड्यावर तो लावून पाहावा. असे कित्येक रंग-गोंद फोम विरघळवतात.

आराखडा कागदावर पूर्ण मापाचा काढावा. वर्तमानपत्राचे ताव जोडून फळीएवढा कागद करावा आणि त्यावर प्रत्यक्ष रूळ व सांधे ठेवून कडा आखाव्यात, कारण हाताने काढलेला सांधा नेहमीच खऱ्यापेक्षा आखूड निघतो आणि सगळे गणित तिथेच फसते. उलटसुलट दोन वळणांच्या मध्ये सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा ठेवावा. फळीच्या कडेपासून रूळ तीन-चार सेंटिमीटर आत असावा किंवा कडेला पुठ्ठ्याची उभी पट्टी लावावी. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोके बाहेरच्या बाजूला झुकतात. म्हणून डब्याच्या मध्यावर आणि टोकाशी पेन्सिल बांधून तो हाताने ढकलत न्यावा. कागदावर उमटलेल्या रेघांच्या आत बोगद्याची भिंत, फलाट किंवा सिग्नलचा खांब येता कामा नये.

एका रुळावरून दुसरा नेण्याचा मोह याच वेळी आवरावा. एन गेजमध्ये खालून गाडी जायची तर वरचा रूळ सुमारे 50 मिमी उचलावा लागतो. शंभराला तीन एवढा चढ धरला तरी त्यासाठी 1.67 मीटर लांबी लागते आणि तेवढीच उतरायला. 248 मिमी त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा परिघ जेमतेम 1.56 मीटर आहे. उंचसखलपणा हवाच असेल तर रूळ सपाट ठेवून आजूबाजूची जमीन खाली कोरावी. छोटा पूल त्यातूनही मिळतो.

जुने रूळ मिळाले असतील तर एकेक तुकडा उजेडात पाहावा. लोखंडी रूळ गंजतात, पितळी लवकर काळवंडतात व वरचेवर पुसावे लागतात. निकेल-सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रधातूचे, अधिक काळ चांगले राहतात. रुळाची उंचीही जुळावी लागते: कोड 100 म्हणजे 0.100 इंच, म्हणजेच 2.54 मिमी, आणि त्याला कोड 80 चा रूळ सरळ जोडला तर जोडावर पायरी तयार होते. सैल फिशप्लेट पकडीने दाबण्यापेक्षा नव्या घ्याव्यात. सांध्याची तपासणी सर्वांत कडक असावी: सांध्याचे सरकणारे पाते दोन्ही बाजूंना नीट टेकते का, वाघीण सावकाश ढकलली असता उडी घेते का, आणि मधला त्रिकोणी भाग प्लॅस्टिकचा असल्यास आपले आखूड इंजिन त्यावर बंद पडते का, हे तिन्ही प्रश्न सांधा हातात असतानाच सोडवावेत.

विजेच्या बाबतीत घरच्या विद्युतजोडणीला हात लावायचा नाही. तयार, बंदिस्त अडॅप्टर आणि त्यापुढे 12 व्होल्ट डीसीचा वेगनियंत्रक एवढेच वापरावे. रुळाला वीज एकाच ठिकाणी देऊन भागवू नये, कारण प्रत्येक जोडावर ती थोडी घटते. प्रत्येक सांध्याच्या पलीकडे स्वतंत्र जोडतारा द्याव्यात आणि डाव्या-उजव्या रुळासाठी तारांचे दोन ठरलेले रंग शेवटपर्यंत पाळावेत. गाडी फिरून त्याच रुळावर उलट तोंडाने येईल असा फास आराखड्यात असेल तर तिथे दोन्ही रूळ एकमेकांना भिडून शॉर्ट होतो. पहिल्या कामात असा फास नकोच. जुन्या नेटवर्क केबलमधल्या बारीक तारा दिव्यांना उत्तम, मुख्य तारांना अपुऱ्या. 12 व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला 1 किलोओहमचा रोध लावला की सुमारे 9 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि इमारतीतला उजेड तेवढ्याने पुरेसा वाटतो.

दुसरा ढीग आता उघडावा. खाऊच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा भिंतींना, आइस्क्रीमच्या काड्या फलाटाच्या फळ्यांना, तांब्याच्या तारेचे पिळलेले धागे झाडांच्या खोडांना, जुना स्पंज किसून पानांना, लाकडाचा चाळलेला भुसा रंगवून गवताला. वापरलेली चहापूड मातीसाठी छान दिसते, पण ती पूर्ण वाळवावी, नाहीतर बुरशी येते. खडीसाठी बारीक वाळू घेतली तर ती चाळून तिच्यावरून चुंबक फिरवावा. लोखंडाचे कण राहिले तर इंजिनाच्या मोटारीतले चुंबक ते ओढून घेतात. सामान जमवण्याच्या भरात प्रमाण विसरले जाते, म्हणून एका पट्टीवर खुणा करून ठेवाव्यात: दोन मीटरचे दार एनमध्ये 12.5 मिमी, एचओमध्ये 23 मिमी. 170 सेंमी उंचीचा माणूस एनमध्ये साडेदहा मिलिमीटर, एचओमध्ये साडेएकोणीस. या पट्टीला न पटणारी वस्तू कितीही सुंदर असली तरी बाजूला काढावी.

हत्यारे थोडीच लागतात: धारदार कटर व जादा पाती, पोलादी पट्टी, बारीक पॉलिशपेपर, चिमटा, सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर आणि रूळ कापताना डोळ्यांवर चष्मा. पांढरा गोंद, तो पातळ करून सोडायला ड्रॉपर आणि भांडी घासण्याचे द्रव साबण जवळ ठेवावे. गोंदपाण्यात साबणाचा एक थेंब नसेल तर ते खडीत मुरत नाही आणि वर गोळे धरून बसते.

आता सगळे रूळ न चिकटवता कागदावर जोडावेत, इंजिन नसताना मल्टिमीटरने दोन रुळांत शॉर्ट नाही याची खात्री करावी आणि सर्वांत लांब डबा व सर्वांत लहान इंजिन यांना शक्य तितक्या कमी वेगात आधी ओढत, मग ढकलत फिरवावे. ओढताना लपलेला दोष ढकलताना दिसतो. जिथे गाडी अडखळेल तिथे कागदावर खूण करावी आणि तो जोड सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नये. रुळांच्या कडा खडीआधी रंगवायच्या असतात, त्यामुळे मातकट तपकिरी रंग आणि रुळाचा माथा पुसायला फडके हाताशी असावे. खडी चिकटवताना सांध्याच्या पात्यांत गोंद जाऊ नये म्हणून तिथे खडी हातानेच, दाणा दाणा बसवावी.

राहता राहिली धूळ. फळी कुठे ठेवायची, ती दारातून उभी जाते की आडवी, आणि वरून झाकायला कोणते खोके मिळते, हे डोंगराची उंची ठरण्यापूर्वी मोजून घ्यावे. खोक्याची आतली उंची हीच डोंगराची कमाल उंची.