घशातला पू आणि सोनोग्राफी: या चुका टाळा

ऊसतोडीहून परतलेला तिशीतला माणूस समोर बसतो. हातात रुमाल, कारण थुंकी गिळवत नाही. आवाज तोंडात गरम घास धरून बोलावं तसा. टॉर्च मारला तर तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं आणि पडजीभ एका बाजूला सरकलेली दिसते. टॉन्सिलच्या बाजूला पू झालाय की नुसती सूज आहे, एवढंच ठरवायचं असतं. सूज असेल तर औषधांवर भागतं, पू झाला असेल तर तो बहुधा काढावाच लागतो. नुसत्या नजरेने हा फरक भल्याभल्यांना कळत नाही. तिथे सोनोग्राफी कामाला येते.

सगळ्यात धोक्याची चूक प्रोब (सोनोग्राफी मशीनचा अंगाला लावायचा दांडा) हातात घ्यायच्या आधीच होते. सवयीने आपण म्हणतो, "झोपा टेबलावर." लाळ गळणाऱ्या पेशंटला आडवं करू नका, बसवूनच तपासा. श्वासाला घरघर असेल तर सोनोग्राफीच्या नादाला लागूच नका. ऑक्सिजन लावून, बसलेल्या स्थितीत, घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड यांपैकी जवळच्या मेडिकल कॉलेजला हलवा आणि निघण्याआधी तिथे फोन करा.

दुसरी चूक आपल्या भागात फार होते. तोंड उघडत नाही म्हणजे पूच, असं धरलं जातं. गुटखा-मावा खाणाऱ्यांचं तोंड वर्षानुवर्षं कमी उघडत असतं. म्हणून "कधीपासून?" हे आधी विचारा. तीन दिवस आणि तीन वर्षं यांत फार अंतर आहे. ताप नसताना एकाच बाजूचा टॉन्सिल सुजलेला असेल तर कॅन्सरची शंकाही मनात ठेवा.

तोंड उघडत असेल तर सोनोग्राफी तोंडातून करतात. प्रोब तोच, जो स्त्रीरोग तपासणीत आतून वापरतात. त्यामुळे नीट निर्जंतुक केलेला प्रोब आणि दर वेळी नवं कव्हर, यात हयगय नको. जेल कव्हरच्या आतही भरा, हवा राहिली तर चित्र येत नाही. तोंड उघडतच नसेल तर हट्ट करू नका. साधा लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब जबड्याच्या कोनाखाली बाहेरून लावा आणि दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा.

स्क्रीनवर पू पाण्यासारखा काळाच दिसेल, ही अपेक्षा चुकीची. दाट पू करडा, आजूबाजूच्या मांसासारखाच दिसू शकतो. प्रोबने हलकेच दाबा, आतला ऐवज हलतो का बघा. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी मशीनमधली सोय) लावला तर पुवाच्या पोकळीत रक्तप्रवाह दिसत नाही, कडेला दिसतो.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटला पू काढायला अंदाजाने दोनदा सुई घातली, काहीच आलं नाही. "नुसती सूज" लिहून गोळ्या देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला. बायको म्हणाली, "दोन दिस झाले सायेब, पाणीबी गिळंना." सोनोग्राफीत पू होताच, मी टोचलं त्याच्या खालच्या बाजूला. ते दोन दिवस त्याने माझ्यामुळे काढले. तेव्हापासून सुई कोरडी आली म्हणून पू नाही, असं मी कधीच लिहीत नाही.

पू दिसला की हात शिवशिवतात. थांबा, आधी कॅरोटिड शोधा. मेंदूकडे जाणारी ही मोठी धमनी टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या अंगाला असते, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर. सगळ्यांचं अंतर सारखं नसतं, म्हणून या पेशंटचं अंतर मोजा. पू किती खोल आहे तेही मोजा. सुईचं टोपण कापून पुन्हा बसवा, टोक एक सेंटिमीटरच बाहेर राहील असं. सुई सरळ मागे न्या, बाहेरच्या बाजूला वळवू नका.

सोनोग्राफीत काही दिसलं नाही, पण लहान मूल मान वळवत नाही, ताप उतरत नाही, गिळत नाही, तर पू घशाच्या मागे असू शकतो. मध्ये हवा असल्याने तिथलं चित्र भरवशाचं नसतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्याला घरी पाठवू नका, कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन) सीटी स्कॅन करा.