जायरोची दिशा घरीच तपासा

आरसी प्लेनमधे (रिमोटवर उडणारं छोटं विमान) जायरो, म्हणजे विमान हललं की आपोआप सावरणारं यंत्र, बसवला, रिमोटची स्टिक बरोबर चालतेय म्हणजे झालं असं वाटतं, पण जायरो उलट्या दिशेने सावरत असेल तर विमान हातातून सुटल्या सुटल्या खाली, आणि दोन लोकल बदलून मैदानावर गेलेले आपण तुकडे गोळा करत बसतो.

१. आधी प्रोपेलर काढा. खरंच काढा.
२. बॅटरी लावल्यावर विमान टेबलावर ठेवा, जायरोची लाईट स्थिर होईपर्यंत हलवू नका.
३. जायरो ऑन करून, स्टिक न हलवता उजवा पंख झटकन खाली झुकवा, उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली आणि डावा वर गेला पाहिजे. नाक खाली केलं की एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) वर. नाक डावीकडे फिरवलं की रडर (शेपटीची उभी पट्टी) उजवीकडे.

उलटं दिसलं तर जायरोमधेच रिव्हर्स करा, ट्रान्समीटरमधे (हातातला रिमोट) केलंत तर स्टिक उलटी होईल.

पहिल्या उड्डाणाला गेन (जायरो किती जोरात सावरतो ते) कमीच ठेवा, हवेत विमान थरथरायला लागलं तर जायरो लगेच ऑफ.