ढोलावर नाचतो म्हणून ऐकू येतं? बाळाच्या कानांबाबत या चुका टाळा

गणपतीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे नातवाचे कान तपासायला एक आजी हमखास येतात. आजी दरवर्षी वेगळ्या, वाक्य तेच : "मॅडम, मिरवणुकीत ढोल वाजला की पोरगं नाचतं. मग बहिरं कसं?"

नाशकात राहून ढोलाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण ढोलाने कान तपासता येत नाहीत. तो छातीत धडधडतो, पायाखाली जाणवतो. शिवाय त्याचा आवाज खालच्या पट्टीतला. कितीतरी मुलांना खालच्या पट्टीतलं बऱ्यापैकी ऐकू येतं आणि वरचं हरवतं. स, श, फ ही सगळी मंडळी वरच्या पट्टीतली. अशा मुलाला ट्रक कळतो, दार आपटलेलं कळतं. बोलणं मात्र अर्धवट पोचतं.

निफाडकडचं एक कुटुंब आठवतं. मुलगा तीन वर्षांचा, "आई" आणि "मामा" एवढेच शब्द. घरी ताटली वाजवून झालेली, टाळ्या वाजवून झालेल्या. वडिलांनी माझ्यासमोर मागून टाळी वाजवली, पोरगं झटकन वळलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. मी मात्र भिंतीकडे बघत होते, ट्यूबलाइटमुळे वडिलांची भलीमोठी सावली पोराच्या समोर पडली होती. त्यांना दोन पावलं बाजूला उभं केलं. टाळी. पोरगं खेळण्यातून हललं नाही. बेरा (आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, ते मोजणारी चाचणी) केली तर दोन्ही कानांत तीव्र दोष. आजी म्हणाल्या, "याचा बापबी चार वर्षांनीच बोलला." मग बापाचीही तपासणी केली. त्याचा डावा कान कमी निघाला. तिशी उलटली तरी घरात कुणाला पत्ता नव्हता.

तर घरचे प्रयोग पुरे. एका महिन्याच्या आत पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत ऐकण्याचं मशीन आणि थेरपी, हा जगभर पाळला जाणारा हिशेब आहे. "पाचव्या महिन्यात हुंकार देत होता" यावर विसंबू नका, ऐकू न येणारी बाळंही तेव्हा हुंकारतात.

बेराबद्दल थोडं. ती करताना लहान मूल झोपलेलं लागतं. सिन्नरहून, दिंडोरीहून लोक येतात, बाळ गाडीत ढाराढूर, आणि आमच्या दारात टक्क जागं! वर "मॅडम, अर्ध्या तासात होईल ना?" मी आता फोनवरच बजावते : रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, वाटेत कुणीतरी शेजारी बसून डोळा लागू देऊ नका, दूध इथे येऊन पाजा. झोपेचं औषध आपल्या मनाने देऊ नका. आणि अख्खी सकाळ मोकळी ठेवा, घाई असेल तर दुसरी तारीख घ्या.

काही चुका एका ओळीच्या. ओएई या पहिल्या चाचणीत "रिफर" (म्हणजे पुन्हा तपासा) आलं म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही, नवजात बाळाच्या कानात ओल असते. पण पुन्हा या, गायब होऊ नका. "पास" आलं तरी बाळ पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं किंवा कावीळ फार वाढली होती, तर बेरा कराच. ओएईत फक्त आतल्या कानापर्यंतचं कळतं, नसेतला दोष नजरेतून निसटतो. कानात तेल नको, कोमटही नको. सर्दीनंतर टीव्हीचा आवाज वाढवायला लागला, हाका ऐकेनासा झाला, तर मूल हट्टी म्हणून रागावू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी असू शकतं, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आजोबांचं मशीन नातवाला? हात जोडते, ते आजोबांच्या कानाप्रमाणे लावलेलं असतं, नातवाचा उरलासुरला कान त्याने बिघडू शकतो.

माझा खरा राग मात्र कपाटातल्या मशीनवर आहे. "शाळेत घालायला जपून ठेवलंय." अहो, ती काय पैठणी आहे? मूल जागं आहे तोवर मशीन कानावर हवं. शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवता, तर बहुतेक वेळा कान वाढून मशीनचा कानात बसणारा साचा सैल झालेला असतो. तान्ह्या बाळांचा दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागतो. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनी तर विसरूच नका.

माझ्याकडे भरतकामाची रिंग आहे, तिच्यावर पातळ कापड ताणलंय. रोज मशीन लावलं की ओठ त्यामागे लपवायचे आणि साध्या आवाजात म्हणायचं : आ, ई, ऊ, म, श, स. मूल प्रत्येक आवाजाला प्रतिसाद देतं का, ते बघायचं. हाताचा तळवा वापरू नका, आवाज दबतो. कालपर्यंत ऐकू येणारा "स" आज गेला, तर आधी सेल बघा, मग साचा, मग मला फोन.

पैशांची अडचण असेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला स्वतःहून सांगा, ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रिया करून आतल्या कानात बसवायचं यंत्र) मिळतं, पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे. कागदपत्रं जमवण्यातही महिने जातात, ते धरून चाला.