तक्ता आखण्याआधी ग्लुकोजच्या मागोमाग चला

'ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन यांतील फरक लिहा' म्हटलं की मुलं लगेच दोन रकाने आखतात. माझ्या वर्गात मी आधी पट्टी खाली ठेवायला लावते. वहीच्या मधोमध ग्लुकोजचा एक रेणू काढा, सहा कार्बनचा, आणि त्याच्या मागोमाग चला.

पेशीद्रव्यात त्याचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात, तीन-तीन कार्बनचे. इथवर ऑक्सिजन लागतच नाही, वाट दोघांची एकच. निव्वळ कमाई 2 एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा साठवणारे रेणू. फाटा फुटतो तो यानंतर. तिथे ठळक खूण करा.

ऑक्सिजन असेल तर पायरुविक आम्ल तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) जातं आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. एका ग्लुकोजमागे एकूण साधारण 30 ते 32 एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांत 38 दिसेल, तो आधीचा हिशेब.

ऑक्सिजन नसेल तर यीस्टमध्ये इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड, स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल. या टप्प्यात नवा एटीपी एकही बनत नाही. मग पेशी हे करते कशाला? ग्लुकोज फोडताना एनएडी, म्हणजे हायड्रोजन वाहून नेणारा मदतनीस रेणू, अडकून पडतो. तो सुटला नाही, तर पुढचं ग्लुकोज फुटणार नाही आणि ते 2 एटीपीही बंद. माझ्या मते सगळ्या धड्याचा जीव या एका कारणात आहे.

आता प्रयोग. पाणी उकळा, म्हणजे त्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जाईल. कोमट होऊ द्या, गरम पाण्यात यीस्ट मरतं. साखर आणि यीस्ट घालून वर तेलाचा पातळ थर सोडा. बुचातून नळी काढून तिचं टोक चुन्याच्या निवळीत बुडवा. हळूहळू एकेक बुडबुडा येतो आणि निवळी कार्बन डायऑक्साइडमुळे दुधाळ होत जाते.

मात्र 'निवळी दुधाळ झाली, म्हणून विनॉक्सिश्वसन' असं लिहू नका. नळीतून स्वतः फुंकून बघा, तेव्हाही ती दुधाळच होते. दुसऱ्या दिवशी बूच उघडून वास घ्या. मद्यार्काचा तो वास ही खरी खूण.

आता रकाने आखा. आखून झाले की लाल रक्तपेशी कुठे बसते ते ठरवा. ती शरीरभर ऑक्सिजन पोहोचवते, पण तिच्यात तंतुकणिकाच नसतात. तिला विनॉक्सिश्वसनाच्या रकान्यात लिहा.