साष्टीतली बौद्ध लेणी पाहुण्यांना कशी फिरवायची

गावाहून पाहुणे आले की आपली यादी ठरलेली असते, गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी आणि मग संध्याकाळी मॉल. पण बोरिवली, अंधेरी, मुलुंड, ठाणे जिथे आपण भाड्याच्या नाहीतर कर्जाच्या फ्लॅटात राहतो ते सगळं मुळात साष्टी बेट आहे, वरती वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, खाली माहीमची, आणि मुंबईची ती सात बेटं वेगळी. भराव टाकून, पूल बांधून सगळं एक केलंय म्हणून बेट वाटत नाही एवढंच. आणि या बेटावर हजार वर्षांपेक्षा जास्त काळ बौद्ध भिक्खूंची वस्ती होती, त्यांची घरं आजही कातळात तशीच आहेत. कुणी दापोली-महाडकडचं आलं तर पन्हाळेकाजी आणि गांधारपाले त्यांना माहीत असतंच, त्यामुळे लेणं म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागत नाही.

फिरवायचं कसं ते सांगतो. माझं मत असं की मूर्तीमागून मूर्ती दाखवत सुटू नये, माणसं अर्ध्या तासात कंटाळतात आणि मग सगळ्यांचं लक्ष माकडांकडे. त्यापेक्षा ही माणसं इथे जगायची कशी ते दाखवायचं, पाणी कुठून यायचं, झोपायची कुठे, आणि मुख्य म्हणजे पैसा कोण द्यायचं. पैसा द्यायचं आपलंच कोकण, कल्याण, सोपारा, चौल इथले व्यापारी आणि कारागीर. म्हणून सुरुवात डोंगरापासून नाही, बंदरापासून करायची.

म्हणजे पहिला दिवस नालासोपारा. सोपारा साष्टीच्या बाहेर, वसई खाडीच्या पलीकडे, पण ते सोडलं तर बाकीचं नीट लागत नाही. सकाळी सात-आठला विरारकडे जाणारी लोकल रिकामी असते, उलट दिशेने चर्चगेटकडे चढायचं असतं तर मी हा प्लॅन सुचवलाच नसता, पाहुणे त्या डब्यातूनच परत गावी गेले असते. कोकण रेल्वेने येणारे दिव्याला उतरून वसईच्या गाडीने पण येऊ शकतात, फक्त त्या लाईनला गाड्या कमी, वेळ आधी बघून ठेवा. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला 'बुरुड राजाचा कोट' सांगायचं, नाही कळलं तर 'स्तूप' म्हणायचं, म्हणजे आत पवित्र अवशेष ठेवून वर घुमटासारखी रचलेली बौद्ध वास्तू.

आता इथे एक तयारी करून न्या, कारण दिसायला ते एक विटांचं गवत उगवलेलं टेकाड आहे आणि काका लगेच विचारणार, 'एवढंच?' तर तिथे उभं राहून सांगायचं की १८८२ साली पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी हे टेकाड खणलं तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांबं, चांदी, दगड, स्फटिक, सोनं असे एकात एक करंडक, सोन्याची फुलं, मातीच्या भांड्याचे तुकडे जे बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले होते, आणि भोवती ब्राँझच्या ८ छोट्या मूर्ती, ७ बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. हे सगळं आता मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच वर्षी जवळच्या भातेला तलावापाशी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. दोन्ही तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, तिसऱ्या दिवशी वेळ उरला तर दाखवता येतात.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. श्रीलंकेच्या महावंस ग्रंथात म्हटलंय की लंकेचा पहिला राजा विजय आधी सोपाऱ्याला उतरला होता, पण त्याच्या लोकांनी इथे दांडगाई केली, मग अंगाशी येतंय बघून परत जहाजात बसले आणि पुढे लंकेला गेले. पाहुण्यांना हे फार आवडतं. तिथून निघताना बाजारात सुकेळी दिसली तर घ्या, वसईची खासियत आहे आणि लेण्यांच्या चढावर खायला मस्त. चक्रेश्वर तलावाच्या देवळाकडे जुनी शिल्पं आहेत, हौस असेल तर रिक्षा वळवा.

साडेदहा-अकराला गर्दी ओसरली की लोकलने अंधेरी, पूर्वेला उतरून रिक्षाने महाकाली गुंफा. जुनं नाव कोंडिविटे, महाकाली हे नाव जवळच्या देवळावरून पडलंय. चहूबाजूंनी एमआयडीसी, आयटीवाल्यांची ऑफिसं आणि मध्ये १९ लेणी. दगड ठिसूळ असल्यामुळे बरीच लेणी झिजलीयत, त्यामुळे सगळी बघत बसू नका, थेट ९ नंबरला जा. तिथे आत टोकाला एक गोल खोली कोरलीय, झोपडीसारखी, आणि तिच्यात स्तूप. गोल खोलीच्या भिंतीला दार आणि दोन्हीकडे दगडी जाळीच्या खिडक्या. अशी झोपडीची रचना बिहारच्या बराबर डोंगरातल्या लेण्यांत आहे, आपल्याकडच्या नेहमीच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, स्तूप उघडा असतो, खांबांच्या मधे. जाळीजवळ एक लेख आहे, एका ब्राह्मणाने भावासोबत विहार, म्हणजे भिक्खूंचं राहायचं लेणं, दान दिल्याचा. एक तास पुरे होतो, मग पाहुण्यांना घरी नेऊन जेवायला घाला, कारण दुसऱ्या दिवशी पाय दुखणारेत.

दुसरा दिवस पूर्ण कान्हेरीला. सोमवारी बंद असतं हे डोक्यात ठेवा, आणि रविवारी उघडं असलं तरी जाऊ नका, पिकनिकवाल्यांचे स्पीकर आणि कॉलेजची पोरं, लेख वाचून दाखवायला आवाज चढवावा लागतो. बुधवार-गुरुवार उत्तम. बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कचं गेट, तिथून लेणी साधारण ६ किलोमीटर आत, पार्कची बस असते, चालत जायचा हट्ट फक्त जवान मंडळींनी करावा. गेट उघडल्या उघडल्या पोचायचं आणि पहिली बस पकडायची. पिशवीत पाणी, भाकरी-चटणी, टॉर्च. खायचं काहीही हातात उघडं ठेवू नका, कोल्ड्रिंकची बाटली तर माकडं झाकण काढून पितात. बुटाला ग्रिप हवी, चप्पल नको, भरपावसात तर नकोच कारण पायऱ्यांवर शेवाळ असतं. माझ्या मते पाऊस सरताना, गणपती झाल्यावर, सगळ्यात भारी, टाकी भरलेली असतात आणि घसरायचं भय कमी.

आत शिरलं की १ नंबर अर्धवट सोडलेलं लेणं आहे, तिथे थांबा, लेणं वरून खाली कोरत आणायचे हे अर्धवट कामावरून जेवढं कळतं तेवढं पूर्ण झालेल्यावरून कळत नाही. मग ३ नंबर, मोठा चैत्य. इथे काका-मामांपैकी कोणीतरी नक्की म्हणणार, 'हे पांडवांनी एका रात्रीत केलं ना रे?' वाद घालू नका, फक्त सांगा की मामा, करून घेणाऱ्यांची नावं इथेच लिहिलीयत, गजसेन आणि गजमित्र नावाचे दोघे व्यापारी भाऊ, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास. ओसरीच्या दोन टोकांना जे उंचच्या उंच उभे बुद्ध आहेत, ७ मीटरच्या जवळपास, ते नंतरचे, काही शतकांनी कोरलेले. आत छताकडे बघायला लावा, कमानीच्या रेषेत खोबण्या दिसतात, तिथे खऱ्या लाकडाच्या तुळया होत्या. खांबांवर हत्ती स्तूपावर पाणी ओततायत तेही दाखवा, मुलं खूश.

इथे बहुतेक लोक सेल्फी काढून परत फिरतात. तुम्ही फिरू नका. जवळच ५ नंबरला पाण्याचं टाकं आहे, दिसायला साधं, पण त्यावर जो लेख आहे तो भारी आहे, वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, जी महाक्षत्रपाची, म्हणजे पश्चिमेकडच्या शक राजाची, मुलगी होती, तिचा उल्लेख. सातवाहन आणि क्षत्रप म्हणजे एकमेकांचे कट्टर वैरी आणि त्यांच्यात सोयरीक झाली हे आपल्याला कळतं कशावरून, तर राणीच्या अमात्याने, शतेरकाने, दान दिलेल्या एका टाक्यावरून. इथून पुढे पाहुण्यांना सांगा की प्रत्येक लेण्याबाहेर टाकं शोधा. जवळपास सगळीकडे आहे, आणि वरून कातळात पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्यात वळवलंय. जुन्या लेखांत याला पोढी म्हणतात. ज्यांच्या गावात एप्रिलला विहीर आटते आणि टँकर लागतो त्यांना हे समजवावं लागत नाही, ते स्वतःच उतार बघत फिरायला लागतात, आणि मग गाईडचं अर्धं काम तेच करतात.

नाल्याच्या पलीकडे ११ नंबर, दरबार म्हणतात पण दरबारबिरबार काही नाही, आत पंगतीसारखे दोन लांबलचक बुटके दगडी ओटे आहेत, भिक्खू एकत्र बसायची जागा. वेरूळच्या ५ नंबरात असेच आहेत. कान्हेरीत नवव्या शतकातले, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि कोकणच्या शिलाहारांच्या वेळचे पण लेख आहेत, म्हणजे सातवाहन गेले, दुसरे आले, तरी इथे दान येतच होतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना इथेच सावलीत बसवा, भाकरी सोडायला सांगा (माकडांवर एक माणूस पहाऱ्याला), बाकीच्यांना घेऊन वर चढा.

कान्हेरीत एकूण शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी होत नाहीत. लहान विहारांत शिरलात की ओसरी, आतली खोली, झोपायचा ओटा, भिंतीत कोनाडा, झालं घर. काही ठिकाणी दारावर दात्याचं नाव, गाव आणि धंदा. कल्याणच्या एका लोहाराने वाट करून दिली, चेमुलच्या माणसाने दान दिलं, चेमुल म्हणजे आपलं चौल. भिक्खुणींनी दिलेली दानंही आहेत. काही दानांत रक्कम ठेव म्हणून ठेवायची, तिला हात लावायचा नाही आणि व्याजातून भिक्खूंची चीवरं म्हणजे वस्त्रं, असा हिशोब, अक्षयनीवी. एफडीच की. बँकेतून रिटायर झालेले काका असतील तर त्यांना इथे बोलू द्या.

नंबर लेण्यांवर लिहिलेले असतात. ३४ मध्ये छतावर बुद्धांची अर्धवट राहिलेली चित्रं आहेत, फ्लॅश मारू नका. ४१ मध्ये ११ मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे संकटात धावून येणारा बोधिसत्त्व, छोटा आहे पण भारतात फार दुर्मिळ. ९० नंबर चुकवू नका. तिथे अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंनी संकटं कोरलीयत, हत्ती, साप, आग, चोर आणि बुडणारं गलबत. पाहुण्यांत कुणाची होडी असेल किंवा कुणी बोटीवर नोकरीला असेल तर त्याला ते गलबत शोधायला लावा. याच लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीत लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ चे, पारशी मंडळी बघायला आली होती त्यांची नावं. हजार वर्षांपूर्वीचे टुरिस्ट, म्हणून कुणी आपलं पण नाव कोरायला खिशातून चावी काढायला लागला तर हात धरा. ८७ कडे विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत, तिथे भिक्खूंच्या अस्थी ठेवायचे, तो भाग शांतपणे बघायचा. अंधाराच्या आधी खाली उतरा, परतीची बस विचारून ठेवलेली असू द्या, बिबट्याचं जंगल आहे.

येताजाता मागाठाणे मेट्रो स्टेशन दिसेल, तिथल्या जवळ पण बौद्ध लेणी आहेत, वस्तीत पार घुसमटलेली. कान्हेरीच्या एका लेखात तिथलं शेत दान दिल्याचं आहे. मुद्दाम घेऊन जाण्याइतकं तिथे उरलेलं नाही. जोगेश्वरी आणि मंडपेश्वर शैव लेणी, चांगली आहेत पण या फेरीत घुसडू नका, खिचडी होते.

तिसरा दिवस दम असेल तरच, घारापुरी. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास, सोमवारी बंद, आणि पावसाळ्यात हवा खराब झाली की लाँच रद्द. सगळे १ नंबरची त्रिमूर्ती बघून येतात, ती बघाच, पण समोरच्या पूर्वेच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप आणि पाण्याची टाकी आहेत, तिकडे फार कोणी जात नाही. वाट झाडीतून आहे, तिथल्या पहारेकऱ्याला विचारून मगच निघा, आणि परतीची शेवटची लाँच किती वाजता ते जेट्टीवर उतरल्या उतरल्या विचारून घ्या, तिकडून परत यायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.