चिनी कवितेतलं दुःख कसं वाचायचं (आधी किलोमीटर मोजणं बंद करा)

नवा माणूस इथंच अडकतो भो. कवी ली बाई (नावावर जाऊ नका, बाप्या होता, इ.स. ७०१ ते ७६२) म्हणतो, माझे पांढरे केस ३००० झांग लांब. एक झांग साधारण ३ मीटर, म्हणजे ९ किलोमीटर केस, जळगावात बसलेल्याची शेंडी पार नशिराबादला! हसू आलं तर येऊ द्या पण तिथंच थांबू नका, पुढे तो म्हणतो की दुःखानेच एवढे वाढले, आणि मग आरशात बघून विचारतो, हे शरदातलं गोठलेलं दव कुठून आलं डोक्यावर. ९ किलोमीटरवरून थेट एका आरशात. मला तरी खरा धक्का या उडीत बसतो, आकड्यात नाही.

म्हणून आकडा सोडा, दुःख कोणत्या वस्तूवर ठेवलंय ते बघा. ली चिंगझाओ, ही मात्र खरंच बाई, ११२९ मध्ये नवरा गेला, युद्धामुळे घरदार सुटलं, ती म्हणते नदीवर फिरायला जाईन पण त्या नाकतोड्याएवढ्या नावेला माझं एवढं दुःख पेलायचं नाही. आपण ‘दुःखाचा डोंगर कोसळला’ म्हणतो, श्रद्धांजलीच्या प्रत्येक बॅनरवर असतो, पण डोंगर दिसतो का कोणाला? ती नाव दिसते, बुडेल की काय वाटतं.

नदी कुठं वाहते तेही बघायचं. राज्य गमावून कैदेत पडलेला राजा ली यू आपलं दुःख पूर्वेला वाहणाऱ्या वसंतातल्या नदीसारखं म्हणतो. आपली तापी पश्चिमेला जाते म्हणून आपल्याला ते पटकन लागत नाही, तिकडच्या मोठ्या नद्या पूर्वेला समुद्रात जातात, गेलेलं पाणी काही परत येत नाही, राज्यही नाही.

आता स्वतः एक ओळ लिहून बघा, त्याशिवाय कळत नाही. मी आधी ‘माझं दुःख हतनूर धरणाएवढं’ लिहिलं, मित्राने विचारलं किती दरवाजे उघडले? बरोबरच होतं त्याचं, धरण मोठं पण माझं काय त्यात. मग घरातलीच वस्तू घेतली (कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ):

आजी गेली तेव्हापासून
कळण्याची एक भाकरी
चौघांना सरत नाही.

यावर तो काही बोलला नाही.